सॉल्ट क्लोरिनेटर ‘बंद पडलाय’? सेल बदलण्याआधी करायची ७ पायऱ्यांची तपासणी



लोणावळा, कर्जत, अलिबाग, इगतपुरी, गोवा… या पट्ट्यात खासगी स्विमिंग पूल असलेले बंगले आणि व्हिला किती वाढलेत, ते तुम्ही बघताच आहात. पूल बांधणारे भरपूर आहेत. पण पूल बांधून झाल्यावर तो महिनोन्‌महिने नीट सांभाळणारा भरवशाचा माणूस मात्र मालकाला शोधावा लागतो. म्हणूनच ‘पूल देखभाल सेवा’ हा कमी भांडवलात सुरू होणारा व्यवसाय आहे. गाडी, ब्रश, व्हॅक्यूम, टेस्ट किट आणि डोक्यात पक्कं ज्ञान, एवढ्यावर सुरुवात होते.

आजच्या धड्यात आपण या व्यवसायातली एकच तक्रार घेणार आहोत, पण मुळापासून. तक्रार अशी: “आमचा सॉल्ट क्लोरिनेटर क्लोरीन बनवत नाहीये.”

ही तक्रार आली की बरेच जण थेट निकाल देतात, “सेल गेला, नवीन टाका.” सेल हा या यंत्रातला सगळ्यात महाग भाग असतो. तो विनाकारण बदलला आणि महिन्याभरात पाणी पुन्हा हिरवं झालं, तर तुमचं नाव त्या गावातून गेलंच म्हणून समजा. कारण बंगलेवाले आणि केअरटेकर एकमेकांशी बोलतात. म्हणून आजचं सूत्र वहीत लिहून घ्या:

आधी मोजायचं, मग साफ करायचं, आणि बदलायचं सगळ्यात शेवटी.

यंत्र नेमकं काय करतं?

आधी एक गैरसमज काढून टाकू. ‘सॉल्ट पूल’ म्हणजे बिनक्लोरीनचा पूल नव्हे. पाण्यात थोडं मीठ विरघळवलेलं असतं. ते पाणी सेलमधून जातं. सेलमध्ये टायटॅनियमच्या पट्ट्या असतात आणि त्यांच्यावर रुथेनियम, इरिडियम अशा धातूंच्या ऑक्साइडचा पातळ थर असतो. पट्ट्यांमधून डीसी वीज गेली की मिठापासून क्लोरीन तयार होतं. पाणी शुद्ध करून झालं की त्याचं पुन्हा मीठ होतं. म्हणून मीठ रोज घालावं लागत नाही.

मीठ किती लागतं? ते यंत्रावर अवलंबून. उदाहरणार्थ, हेवर्डच्या अ‍ॅक्वाराइट यंत्राला २७०० ते ३४०० पीपीएम मीठ लागतं, आदर्श ३२००. काही यंत्रांना ४००० च्या वर लागतं. समुद्राच्या पाण्यात साधारण ३५,००० पीपीएम असतं, म्हणजे आपला पूल त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढाच खारट. यंत्राचं माहितीपुस्तक बघितल्याशिवाय मिठाचा आकडा तोंडावर फेकू नका.

आता एक उदाहरण धरू आणि शेवटपर्यंत तेच चालवू. आकडे समजण्यासाठी सोपे घेतलेत.

कर्जतजवळचा एक बंगला. पूल ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी खोली १.२५ मीटर. म्हणजे ४० घनमीटर, ४०,००० लिटर पाणी. यंत्र तासाला २० ग्रॅम क्लोरीन बनवणारं. मालक मुंबईत, बंगल्यावर केअरटेकर काका. निरोप आला, “सेल गेलाय, नवीन केवढ्याला पडेल ते सांगा.”

तुम्ही लगेच किंमत सांगणार का? नाही. तुम्ही म्हणणार, “साहेब, आधी येऊन तपासतो. तपासणीचं शुल्क एवढं. रीडिंग लिहून देतो, मग ठरवू.”

चला तर मग, पायऱ्या बघू.

पायरी १: पाणी मोजा, तेही स्वतःच्या किटने

चार आकडे हवेतच. सोबत या उदाहरणातली रीडिंग देतो.

- फ्री क्लोरीन: ०.५ पीपीएम. घरगुती पूलमध्ये साधारण २ ते ४ असावं.
- पीएच: ८.०. हवा ७.२ ते ७.६ च्या आसपास.
- सायन्युरिक अ‍ॅसिड, म्हणजे स्टॅबिलायझर: २० पीपीएम. सॉल्ट पूलला बहुतेक कंपन्या ६० ते ८० सांगतात.
- मीठ, आपल्या हातातल्या मीटरवर: ३२०० पीपीएम. पॅनलवर मात्र २७००.

स्टॅबिलायझरला हलकं घेऊ नका. तो क्लोरीनसाठी छत्रीसारखा असतो. छत्री नसेल तर आपल्याकडच्या कडक उन्हात काही तासांतच बहुतेक क्लोरीन उडून जातं. यंत्र दिवसभर बनवतं, ऊन दिवसभर खातं आणि दोष जातो सेलला!

पण हा आकडा १०० च्या वर गेला तर क्लोरीन सुस्त होतं. टीसीसीएच्या गोळ्या सतत वापरल्या की हे होतं, कारण त्या गोळ्यांमध्ये क्लोरीनबरोबर सायन्युरिक अ‍ॅसिडही असतं. मग काही पाणी काढून ताजं भरणं हाच सरळ उपाय.

एक सापळा सांगून ठेवतो. डीपीडी किटमध्ये पाणी गुलाबी व्हायला हवं. क्लोरीन फारच जास्त असेल तर रंग उमटून क्षणात उडतो आणि आपल्याला वाटतं, क्लोरीन शून्य! शंका आली तर नमुना बिनक्लोरीनच्या स्वच्छ पाण्यात पाचपट पातळ करून पुन्हा मोजा आणि आलेल्या आकड्याला पाचने गुणा.

पायरी २: तास आणि टक्क्यांचं गणित करा

आता काकांशी बोला. तक्रारीचं अर्धं उत्तर त्यांच्याकडे असतं.

“काका, पंप किती तास चालवता?”
“साहेब नसले की सकाळी दोन, संध्याकाळी दोन. बिल फार येतं ना दादा.”
“आणि पॅनलवर किती टक्के ठेवलंय?”
“साठ. बसवणाऱ्यांनी लावून दिलंय, मी हात नाही लावला.”

गणित करू. २० ग्रॅम × ४ तास × ६० टक्के = ४८ ग्रॅम.

१ घनमीटर पाण्यात १ ग्रॅम म्हणजे १ पीपीएम. हे या व्यवसायातलं सगळ्यात उपयोगी समीकरण आहे. ४८ ला ४० ने भागा. उत्तर १.२ पीपीएम. म्हणजे यंत्र पूर्ण निरोगी असलं तरी दिवसाला १.२ पीपीएमच बनवणार. उन्हाळ्यात पूलमधून रोज साधारण २ ते ४ पीपीएम क्लोरीन खर्च होतं. जमा कमी, खर्च जास्त. मग शिल्लक कुठून राहणार?

आता ८ तास आणि ८० टक्के धरा. २० × ८ × ०.८ = १२८ ग्रॅम. ४० ने भागलं की ३.२ पीपीएम. यंत्र तेच, सेल तोच. फक्त वेळ आणि टक्के बदलले.

पायरी ३: पाण्याचा प्रवाह बघा

‘नो फ्लो’चा दिवा लागला असेल तर सेलकडे बघूच नका. आधी हे तपासा:

- स्किमरची आणि पंपाची जाळी पाल्यापाचोळ्याने भरलीय का?
- पूलची पातळी खाली जाऊन पंप हवा ओढतोय का?
- फिल्टरचं प्रेशर स्वच्छ असतानाच्या आकड्यापेक्षा ८ ते १० पीएसआयने वाढलंय का? मग बॅकवॉश द्या.
- एखादा व्हॉल्व्ह अर्धवट बंद राहिलाय का?
- फ्लो स्विचवरचा बाण पाण्याच्या दिशेने आहे का? पात्यात कचरा अडकलाय का?

आणि एक गोष्ट कधीही करू नका. दिवा घालवण्यासाठी फ्लो स्विचच्या वायरी जोडून तो बायपास करायचा नाही. सेलमध्ये क्लोरीनबरोबर हायड्रोजन वायूही तयार होतो. पाणी वाहत असेल तर तो निघून जातो. पाणी थांबलं आणि सेल चालूच राहिला तर वायू आत साठतो आणि स्फोट होऊ शकतो. “तात्पुरतं चालू करून देतो” हे वाक्य इथे चालत नाही.

पायरी ४: मिठाचे दोन आकडे शेजारी ठेवा

या पायरीवर सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. पॅनल मीठ थेट मोजतंच असं नाही. बऱ्याच यंत्रांत सेलमधून किती करंट जातोय, त्यावरून मिठाचा अंदाज काढला जातो. म्हणून सेलवर क्षार बसले, सेल जुना झाला किंवा पाणी फार गार असलं, तरी पॅनल म्हणतं, “मीठ कमी.”

मग काय होतं? माणूस पोतं ओततो. आठवड्याने पुन्हा ‘मीठ कमी’. पुन्हा पोतं. शेवटी पाण्यात गरजेपेक्षा कितीतरी जास्त मीठ होतं आणि यंत्र ‘मीठ जास्त’ म्हणून बंद पडतं. लक्षात ठेवा, मीठ घालता येतं, काढता येत नाही. काढायचं तर पाणीच ओतून द्यावं लागतं, आणि टँकरवर चालणाऱ्या बंगल्यात ते पाणी फुकट येत नाही.

म्हणून नियम असा: पॅनल आणि हातातलं मीटर यांत फरक असेल तर आधी मीटरवर विश्वास, मग सेलची तपासणी. त्यासाठी मीटर कॅलिब्रेट केलेलं हवं, हे ओघानेच आलं.

आपल्या उदाहरणात मीटर ३२०० म्हणतंय. म्हणजे मीठ बरोबर आहे. पोतं गाडीतच राहू द्या.

खरंच कमी असेल तर? समजा २६०० आहे आणि ३२०० हवंय. फरक ६००. ६०० ग्रॅम × ४० घनमीटर = २४ किलो. शुद्ध, बिनआयोडीनचं मीठ घ्या. क्लोरिनेटर बंद ठेवून पंप चालू करा, मीठ पूलमध्ये पसरून टाका, ब्रशने हलवा. पूर्ण विरघळल्यावर, साधारण २४ तासांनी, पुन्हा मोजा आणि मगच यंत्र चालू करा.

मीठ कमी का झालं, हेही विचारा. पाणी उन्हाने आटतं, मीठ आटत नाही. ते जातं बॅकवॉशमधून, उडणाऱ्या पाण्यातून, पावसात ओसंडून किंवा गळतीतून. भर एप्रिल-मेमध्ये मीठ सारखं कमी होत असेल आणि काका रोज पाणी भरत असतील, तर गळती शोधा. हे तुम्ही सांगितलंत तर मालक तुम्हाला सोडणार नाही.

पायरी ५: सेल उघडून डोळ्यांनी बघा

आधी एमसीबी खाली करा. पंपही बंद. मग व्हॉल्व्ह बंद करून सेल काढा आणि उजेडात धरा. पट्ट्यांमध्ये पांढरे थर किंवा खपल्या दिसल्या तर ते कॅल्शियमचे क्षार आहेत. बोअरचं जड पाणी आणि चढलेला पीएच असला की हे होणारच. सॉल्ट पूलचा पीएच आपोआप वर सरकत राहतो, म्हणून दर भेटीत तो खाली आणणं हा सेल वाचवण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

साफ कसा करायचा?

- पहिल्यांदा नळीने पाण्याचा फवारा मारा. लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी चालेल. स्क्रू ड्रायव्हर अजिबात नाही, वरचा थर खरवडला जातो.
- तरीही क्षार राहिले तर बादलीत १० भाग पाणी घ्या आणि त्यात १ भाग हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड हळूहळू ओता. पाण्यात अ‍ॅसिड. अ‍ॅसिडमध्ये पाणी कधीच नाही.
- हातमोजे, गॉगल आणि मोकळी हवा. काकांना आणि मुलांना लांब उभं करा.
- सेल त्यात ५ ते १० मिनिटं ठेवा. बुडबुडे थांबले की काढा, भरपूर पाण्याने धुवा. केबलचं टोक कोरडं राहू द्या.

सेल स्वच्छच असेल तर अ‍ॅसिड लावू नका. प्रत्येक वेळी तो महाग थर थोडा थोडा झिजतो. ‘सर्व्हिस केली’ हे दाखवण्यासाठी दर महिन्याला अ‍ॅसिडमध्ये बुडवणारा माणूस सेलचं आयुष्य कमी करत असतो.

आणि गाडीत अ‍ॅसिड आणि क्लोरीन शेजारी ठेवू नका. दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू निघतो. एका बादलीत दोन्ही कधीच वापरायचे नाहीत.

उदाहरणातल्या सेलवर हलका पांढरा थर होता. धुतल्यावर पॅनल २७०० वरून ३१०० वर आलं. म्हणजे खोटं बोलत होते ते क्षार.

पायरी ६: रिटर्नची परीक्षा

सेल क्लोरीन बनवतोय की नाही, हे अंदाजाने सांगू नका. परीक्षा घ्या. यंत्र १०० टक्क्यांवर ठेवा. पॅनलवर ‘जनरेटिंग’चा दिवा आहे ना, बघा. पंधरा-वीस मिनिटांनी दोन नमुने घ्या. एक पूलच्या मध्यातून, कोपरभर खोल. दुसरा रिटर्नच्या तोंडाशी बाटली लावून.

गणित असं: २० ग्रॅम तासाला, पंपाचा प्रवाह तासाला ८ घनमीटर धरला, तर २० भागिले ८ = २.५ पीपीएम. म्हणजे रिटर्नचं पाणी मधल्या पाण्यापेक्षा सुमारे २.५ ने जास्त हवं. नमुना घेताना पूलचं पाणी मिसळतं, म्हणून थोडं कमी येईल. पण फरक स्पष्ट दिसायला हवा.

उदाहरणात मध्ये ०.५ आणि रिटर्नला २.५ आलं. सेल जिवंत आहे! हाच पुरावा मालकाला फोटो काढून पाठवा.

पायरी ७: वीज, आणि मगच निकाल

रिटर्नला फरकच नाही, मीठ बरोबर आहे, सेल स्वच्छ आहे. आता केबल बघा. प्लगच्या पिना काळ्या किंवा हिरव्या पडल्यात का? अलिबाग-गोव्याच्या खाऱ्या हवेत हे फार होतं. पॅनलमध्ये मुंग्या किंवा पाल शिरून फ्यूज गेलाय का? पण पॅनलमध्ये २३० व्होल्ट येतात. ते उघडून तपासण्याचं काम परवानाधारक वायरमनचं. असा एक वायरमन तुमच्या टीममध्ये असायलाच हवा. त्याच भेटीत अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का, हेही बघून घ्या. पाण्यात माणसं उतरतात, इथे तडजोड नाही.

पॅनलमधून योग्य व्होल्टेज येतंय, तरी करंट कमी. चालू स्थितीतला दुसरा, त्याच मॉडेलचा सेल लावला की सगळं सुरळीत. तेव्हा म्हणायचं, “साहेब, सेल संपलाय.” बऱ्याच सेलचं आयुष्य सुमारे १०,००० तास धरलं जातं. रोज ८ तास क्लोरीन बनवत असेल तर १२५० दिवस, म्हणजे साडेतीन वर्षांच्या आत-बाहेर. बसवल्याची तारीख विचारली की अंदाज लगेच येतो.

मग त्या बंगल्यात आपण काय केलं?

सेल साफ केला. पीएच अ‍ॅसिडने खाली आणला. स्टॅबिलायझर २० वरून ६० करायचं होतं: ४० × ४० घनमीटर = १६०० ग्रॅम, म्हणजे १.६ किलो. पंप ८ तास, ८० टक्के.

आणि पाणी हिरवट झालेलं असेल तर? सॉल्ट क्लोरिनेटर रोजचं क्लोरीन टिकवण्यासाठी असतो, बिघडलेलं पाणी ओढून आणण्यासाठी नाही. तिथे लिक्विड क्लोरीनच लागतं. ताजं १० टक्क्यांचं हायपो धरलं तर १ लिटरमध्ये सुमारे १०० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे या पूलमध्ये २.५ पीपीएम. १० पीपीएम वाढवायचं तर ४ लिटर. शनिवारी पंधरा-वीस पाहुणे उतरणार असतील तरी हेच. आदल्या रात्रीच क्लोरीन वर नेऊन ठेवा.

आता धंद्याचं बोलू

पहिली गोष्ट, तपासणीचं शुल्क वेगळं घ्या. तुमची कमाई फक्त सेल विकण्यावर असेल, तर तुम्हाला प्रत्येक सेल खराबच दिसेल. शुल्क वेगळं असेल तर “तुमचा सेल ठीक आहे” हे सांगूनही तुम्ही कमावता. आणि हेच वाक्य तुम्हाला वर्षाचा करार मिळवून देतं.

दुसरी, रीडिंग कार्ड ठेवा. तारीख, क्लोरीन, पीएच, स्टॅबिलायझर, मिठाचे दोन्ही आकडे, पंपाचे तास, टक्के, सेल कधी साफ केला. एक प्रत बंगल्यावर, एक फोटो मालकाला. सहा महिन्यांनी मीटर आणि पॅनल यांच्यातला फरक सेल धुऊनही वाढत गेलेला दिसला, तर सेल म्हातारा होतोय हे तुम्हाला आधीच कळतं. मालकाला दोन महिने आधी सांगा. अचानक आलेल्या खर्चावर माणूस चिडतो, आधी कळलेल्या खर्चाची तयारी करतो.

तिसरी, पावसाळ्याचं वेळापत्रक करा. आपल्या पूलचं क्षेत्र ३२ चौरस मीटर. १०० मिलिमीटर पाऊस पडला की ३२०० लिटर पाणी वरून आलं, म्हणजे ८ टक्के. तेवढंच ओसंडून गेलं तर ३२०० चं मीठ २९५० च्या आसपास येतं. घाटमाथ्यावर असे दिवस एकामागोमाग येतात. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये दर पावसानंतर पोतं ओतत बसू नका. किमान मर्यादेच्या वर राहील एवढंच बघा आणि पाऊस ओसरल्यावर एकदाच हिशोबाने भरा.

चौथी, केअरटेकरला शत्रू करू नका. चार तास पंप चालवण्यात त्या काकांची चूक नव्हती. त्यांना कुणी गणित सांगितलंच नव्हतं. मालकासमोर त्यांना दोष देऊ नका. पंपाशेजारी मराठीत चार ओळी लिहून लावा: पंप किती तास, जाळी कधी साफ करायची, कोणता दिवा लागला की फोन करायचा. तुम्ही आठवड्यातून एकदा येणार, ते रोज तिथे असतात.

आजचा गृहपाठ

१. तुमच्या भागातला एक पूल निवडा. लांबी, रुंदी, सरासरी खोली मोजून घनमीटर काढा.
२. यंत्र तासाला किती ग्रॅम बनवतं ते माहितीपुस्तकात बघा. पंपाचे तास आणि टक्के विचारा. रोजचं पीपीएम काढा.
३. सात पायऱ्यांचं एका पानाचं तपासणी कार्ड स्वतःच्या हाताने बनवा.

हे गणित तुम्हाला कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत जमायला लागलं की समजा, तुम्ही ‘पूल साफ करणारा मुलगा’ राहिला नाहीत. तुम्ही त्या मालकाचे सल्लागार झालात. आणि सल्लागाराला कुणी दर आठवड्याला घासाघीस करत नाही.

पुढच्या धड्यात वर्षाच्या देखभाल कराराचा दर कसा काढायचा ते बघू. तोपर्यंत मोजत राहा, शिकत राहा.